अंगणातील धुळाक्षरे : बंगालची आल्पना

कोजागरीच्या सायंकाळी बंगालमधील घरांत उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावले उमटतात. सोबत भाताच्या लोंब्या आणि वेली असतात. ही आल्पना म्हणजे रांगोळीची बहीणच. मात्र ती ओल्या पिठाने काढली जाते. भिजवलेले तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, त्यात बुडवलेली चिंधी हातात धरायची आणि बोटावरून ओघळणाऱ्या धारेने रेघ ओढायची. ओली रेघ पुसट दिसते. वाळल्यावरच ती पांढरीशुभ्र होते. म्हणून येथे डोळ्यांआधी हाताला विश्वास शिकावा लागतो.

या विद्येचा अभ्यासक्रम ऋतूंनी आखला होता. वैशाखात पाणी आटू लागले, की कुमारिका ‘पुण्यिपुकुर’ व्रतासाठी अंगणात इवलेसे तळे खणत. मार्गशीर्षात ‘सेंजुती’ व्रताला मनात इच्छिलेल्या वस्तू चितारत. माघात सूर्यचंद्रांचे मंडल मांडत. शिक्षिका होत्या आई आणि आजी. पाटी होती सारवलेली जमीन. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१९ साली ‘बांगलार ब्रत’ या पुस्तकात या व्रतांचा अभ्यास मांडला. शास्त्रोक्त व्रते निराळी आणि स्त्रियांनी जपलेली लोकव्रते निराळी, हे त्यांनी त्यात दाखवून दिले.

तथापि घरी शिकलेले हे ज्ञान शाळेच्या लेखी ज्ञान नव्हते. ही भिंत शांतिनिकेतनात ओलांडली गेली. १९१९ मध्येच तेथे कलाभवन सुरू झाले आणि पुढे पूर्व बंगालच्या सुकुमारी देवी या विधवा स्त्रीला तेथे आल्पना शिकवण्यासाठी अध्यापिकेचे आसन मिळाले. अंगणातली विद्या वर्गात आली, ती तिच्या जाणकारांसह.

नंदलाल बसू यांनी तिला नवी दिशा दिली. जुना नमुना गिरवण्यापेक्षा भोवतालची पाने, फुले, फांद्या निरखाव्यात आणि त्यांतून रचना घडवावी, असा त्यांचा आग्रह असे. १९२८ मध्ये सुरू झालेले वृक्षारोपण आणि हलकर्षण, तसेच वर्षामंगल, वसंतोत्सव या ऋतूत्सवांच्या भूमीवर आल्पना उमटू लागली. नंदलालांच्या कन्या गौरी भंज आणि यमुना सेन यांनी ही परंपरा पुढे नेली. मराठी चित्रकार विनायक मसोजी हेही याच कलाभवनात घडले आणि तेथेच अध्यापक झाले. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवण्याचे काम नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडेच आले.

या कलेतून मुलांना काय मिळाले? पट्टीवाचून प्रमाण साधणे, चुकलेल्या रेघेतून नवे पान फुलवणे, आपली वेल शेजारणीच्या वेलीला जुळवून घेणे आणि कोणत्या महिन्यात निसर्गात काय बदलते ते जाणणे. शेवटचा धडा सर्वांत कठीण : तासन्‌तास खपून काढलेले चित्र दुसऱ्या दिवशी पावलांखाली पुसले जाते आणि त्याचे दुःख करायचे नसते. पुढच्या ऋतूत पुन्हा काढायचे असते.

आज तयार छापे आणि चिकटचित्रे क्षणात दार सजवतात. दार सजते, हात मात्र अशिक्षित राहतो. शाळेच्या दारात रांगोळी काढणारी मुले सजावट करीत नसतात. ती शिकत असतात. तो तास वेळापत्रकात नसला, तरी शाळेने तो जपायला हवा.