नवोदयचा पेपर आणि गेटबाहेरचे आईबाप

आजचा भाग परीक्षेवर आहे, पण पेपर सोडवणाऱ्या पोरांबद्दल मी कमीच बोलणार आहे. पाचवीतलं लेकरू आत गोल काळे करत बसतं आणि बाहेर लिंबाच्या सावलीत त्याचे आईबाप दोन तास येरझाऱ्या घालतात, आज त्यांचा इतिहास बघूया. परीक्षा कुठली, ते तुमच्यातल्या अनेकांनी ओळखलंच असेल. नवोदय!

सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली, हे फार जणांना माहीत नसतं. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात फक्त दोन नवोदय विद्यालयं उघडली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. मग १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. राजीव गांधींचं सरकार होतं. ठरलं असं की प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा काढायची आणि खेड्यातल्या हुशार पोरांना तिथे मोफत शिकवायचं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं सरकारचं. तमिळनाडूने ही योजना घेतली नाही, बाकी देशभर ती पसरली. आपल्याकडे कागल, पलूस, टाकळी ढोकेश्वर ही गावं नवोदयमुळे घराघरात पोचली. गोव्यात काणकोणलाही नवोदय आहे.

लहान वयात परीक्षा घेऊन पोरांना वसतिगृहात न्यायचं, ही कल्पना मात्र त्याआधीची. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली, तेव्हापासून मराठी घरांना ती ओळखीची होती. पण नवोदयने ती जिल्ह्याजिल्ह्यात नेली, आणि तिच्यासोबत धाकधूकही गेली.

आता ही धाकधूक एवढी का? आकडे बघा. एका जिल्ह्यात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. एकतृतीयांश जागा मुलींसाठी. आणि सगळ्यात कठीण नियम म्हणजे सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते. दहावीला ऑक्टोबरची वारी असायची, इथे तसलं काही नाही. एक दिवस, दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्या दिवशी पोराला ताप आला तर संपलं!

यातले ५० गुण मानसिक क्षमतेचे. म्हणजे आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा शोधा. यामागचा विचार चांगला होता. ज्याच्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्या पोराची बुद्धीही दिसली पाहिजे. त्यासाठी भाषेवर आणि पाठांतरावर न टेकणारे प्रश्न.

पण आईबापांच्या बाजूने विचार करा. वडील पाढे म्हणवून घेऊ शकत होते, शुद्धलेखन तपासू शकत होते. त्या त्रिकोण-चौकोनांपुढे मात्र त्यांचे हात टेकले. आपलं पोरगं बरोबर सोडवतंय की चूक, हेच कळेना. मग सगळा भार गेला जिल्हा परिषदेच्या गुरुजींवर. सकाळी शाळेच्या आधी जादा तास, चौथीच्या स्कॉलरशिपचं जुनं बुद्धिमत्तेचं पुस्तक, आणि ‘गुरुजी, होईल ना हो आमच्याचं?’ हा रोजचा प्रश्न. (ती स्कॉलरशिप २०१७ मध्ये पाचवीला नेली होती.)

ज्या गोष्टीत मदत करता येत नाही, तिथे माणूस हातात येईल ते करतो. मारुतीला नारळ बोलायचा. निघताना हातावर दही-साखर ठेवायची. प्रवेशपत्राच्या चार-चार झेरॉक्स काढायच्या. केंद्र लांब असेल तर आदल्या रात्री तालुक्याच्या गावी पाहुण्यांकडे मुक्काम टाकायचा. ‘नंबर लागला की सायकल घेतो’ असं कबूल करून बसायचं. आपण आज यावर हसतो. मला मात्र वाटतं, हे सगळं पोरापेक्षा स्वतःला धीर द्यायला असायचं.

आणि आता खरा मुद्दा. या आईबापांना एक भीती नव्हती, दोन होत्या. एक, नंबर लागला नाही तर? आणि दुसरी, लागला तर?

कारण नंबर लागला की दहा-अकरा वर्षांचं लेकरू घर सोडणार. नव्वदच्या दशकात हातात मोबाईल नव्हता. पत्र, नाहीतर पालकभेटीचा रविवार. पत्र्याची पेटी भरताना आया रडल्या, हे नवोदयच्या माझ्या जवळपास प्रत्येक मित्राने मला सांगितलंय. एकाची आई तर परीक्षेच्या आधी देवापुढे नेमकं काय मागायची, ते तिने वीस वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, ‘पेपर चांगला जाऊ दे एवढंच म्हणायचे. नंबर लागू दे, हे तोंडातून निघायचंच नाही.’ शिवाय पुढे नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. मराठी पोरगं थेट हिंदी मुलखात! देशाच्या एकतेसाठी कल्पना मोठी आहे, पण आईच्या पोटात गोळा आणणारीच.

म्हणून गेटबाहेरच्या बापाकडे बघून ‘केवढी हाव आहे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेतातल्या उत्पन्नावर मुलाला चांगल्या शाळेत घालता येत नाही, हे तो जाणतो. शिक्षण हवं तर लेकरू लांब ठेवायचं, हा सौदा त्याने आखलेला नाही. त्याच्यापुढे तेवढाच ठेवला गेलाय.

आज काय बदललंय? निकाल मोबाईलवर येतो. पण तिसरी-चौथीपासून नवोदयचे खाजगी क्लास आहेत, निवासीसुद्धा आहेत. क्लास परवडत नाही अशा पोरांसाठी काढलेल्या परीक्षेला आता क्लास लागतो. गेटबाहेरची काळजी तीच, त्यात फीचा हिशेब वाढला.

तुमच्या घरात पाचवीतला भाऊ किंवा भाची असेल तर एक गोष्ट घरच्यांना नक्की सांगा. ही निवड चाचणी आहे. इथे ३५ गुणांची पासिंगची रेघ नाही. ८० जागा भरल्या की यादी थांबते. यादीत नाव नसलेलं पोरगं नापास झालेलं नसतं, ते जूनमध्ये सहावीतच बसणार असतं. आणि ‘पेपर कसा गेला?’ हे गेटवरच विचारू नका. आधी दोन घास खाऊ द्या त्याला.

तुमच्या घरी नवोदयच्या दिवशी काय काय झालं होतं, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. आईबाबांना विचारून पाठवलंत तर आणखी मजा. भेटू पुढच्या भागात!