कुतच्या वेढ्यांतील धान्याचा हिशेब

युद्धाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष तोफांकडे व सेनापतींकडे जातें. कोठीघराकडे सहसा जात नाहीं. परंतु पहिल्या महायुद्धांतील कुत-अल्-अमाराच्या वेढ्याचा विचार करूं लागलें कीं, शिध्याची वही हीच त्या प्रकरणाची खरी बखर होय, असें आम्हांस वाटतें. महाराष्ट्रीय वाचकांस तर या वेढ्याची ओळख असावयासच हवी. कारण तेथें कोंडलेल्या सैन्याचें नांवच ‘सहावी पुणें डिव्हिजन’ असें होतें, आणि तींत 103, 110 व 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या.

1915 च्या नोव्हेंबरांत जनरल टाउनशेंड यांची बगदादवरील चढाई टेसिफोन येथें अडली. थकलेलें सैन्य तैग्रिस नदीच्या कांठाकांठानें मागें हटत 3 डिसेंबर रोजीं कुत गांवीं पोंचलें. नदीच्या वळणांत वसलेल्या या गांवाला तीन बाजूंनीं पाणी. चौथी बाजू तुर्कांनीं 7 डिसेंबरास अडविली. वीस वर्षांपूर्वीं चित्रळचा वेढा सोसून टाउनशेंड नांवारूपास आले होते. धीराची त्यांच्यापाशीं वाण नव्हती.

वाण होती ती मोजदादीची. गोऱ्या सैनिकांस सुमारें एक महिना व हिंदी सैनिकांस सुमारें दोन महिने पुरेल इतकें अन्न आहे, असें त्यांनीं बाहेर कळविलें. इकडे शिधा मात्र पुराच चालू ठेवला. रहिवाशांच्या घरांत धान्य किती आहे, याचा कसून शोध घेतला नाहीं. मदतीस निघालेल्या जनरल एल्मर यांस एकेक दिवस युगासारखा वाटूं लागला. गॅलिपोलींतून मोकळें झालेलें तुर्की सैन्य येऊन पोंचेल, ही धास्ती होतीच. तींत या उपासमारीच्या वार्तेची भर पडली. पुरेशा तोफा, होड्या व औषधोपचाराची साधनें जमण्यापूर्वींच त्यांनीं जानेवारी 1916 मध्यें शेख साद, वादी व हन्ना येथें लागोपाठ तीन हल्ले केले. सुमारें आठ हजार माणसें मेलीं वा जायबंदी झालीं. जखमी चिखलांत व गारठ्यांत पडून राहिले. हन्नाचा हल्ला 21 जानेवारीचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाउनशेंड यांचा निरोप आला कीं, घरोघर शोध घेतां जव वगैरे धान्य पुष्कळ सांपडलें असून सैन्य आणखी 84 दिवस तग धरूं शकेल! हाच शोध डिसेंबरांत घेतला असता तर?

पुढें असा आक्षेप निघाला कीं, हिंदी शिपायांनीं घोड्याचें मांस वेळीं खाल्लें असतें, तर कुत आणखी टिकतें. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुज्ञा तारेनें मागवूनही पुष्कळांचें मन वळलें नाहीं, हें खरें. एप्रिलांत भुकेनें तेंही वळविलें. आम्हांस हा आक्षेप न्याय्य वाटत नाहीं. सेनापतीच्या हिशेबांतील चूक शिपायाच्या ताटांत शोधावयाची, हा कोठला न्याय? शिवाय शरीराचा हिशेब निराळाच होता. मांस व भाजीपाला नसल्यानें हिंदी शिपाई स्कर्व्हीनें खंगले. उलट पांढऱ्या पिठाची पोळी खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी जडली, आणि तें पीठ संपून आपल्या शिपायांचा जवाचा आटा त्यांच्या वांट्यास आला, तेव्हां ती ओसरली. आहारशास्त्राच्या अभ्यासकांनीं या गोष्टीचा पुढें आवर्जून विचार केला.

एप्रिलांत विमानांतून धान्याच्या गोण्या टाकून पाहिल्या. 24 तारखेच्या रात्रीं 270 टन सामान घेऊन निघालेली ‘जुल्नार’ ही आगबोट तुर्कांच्या हातीं पडली. वीस लक्ष पौंडांपर्यंत खंडणी देऊं केली, तीही नाकारली गेली. 29 एप्रिल 1916 रोजीं सुमारें तेरा हजार लोक शरण गेले. त्यांना सोडविण्याच्या खटपटींत बाहेरचे सुमारें तेवीस हजार मेले किंवा घायाळ झाले होते. हा जमाखर्च प्रत्येकानें स्वतःच ताडून पाहावा.

टाउनशेंड यांनीं आपला बंदिवास इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखांत काढला. शिपायांना वाळवंटांतून पायीं हांकण्यांत आलें, आणि पुष्कळ हिंदी कैदी बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. कैदेंत गोऱ्या शिपायांपैकीं सतराशेंच्या वर व हिंदी शिपायांपैकीं सुमारें अडीच हजार मरण पावले अथवा बेपत्ता झाले.

इराकांत बसरा येथील स्मारकावर त्या मोहिमेंतील मृतांची नोंद आहे. 1929 सालीं तें उभें राहिलें, तेव्हां अधिकाऱ्यांचीं व गोऱ्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरण्यांत आलीं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें या भेदाबद्दल 2021 सालीं क्षमा मागितली. आमच्या सातारा-रत्नागिरीकडील कित्येक घरांतून पलटणींत गेलेल्या पूर्वजाची आठवण अजून सांगितली जाते. त्या घरांनीं पणज्याचें नांव, गांव व पलटण एवढें जरी लिहून ठेविलें, तरी त्या आंकड्यांतील एक तरी माणूस परत आपल्या घरीं आला, असें आम्ही समजूं.