मोरीतल्या मुंग्या आणि एका आजाराची नावे



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिकेसाठी लेख द्या, असे मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी मला सांगितले तेव्हा त्यांना वाटले असेल, हा माणूस गिरणीवर नाहीतर एखाद्या मोर्चावर लिहील. मी लिहितो आहे मधुमेहावर. मी डॉक्टर नाही आणि भाषापंडितही नाही. साचेखात्यात बदली म्हणून लागलो आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिलो. शिक्षण झाले ते रात्रशाळेत, बाकीचे वाचनालयात. पण या एका शब्दाच्या मागे मी बरीच वर्षे लागलो आहे. त्याला कारण आमचे वडील.

गोष्ट १९८२ च्या संपाच्या आधीची. आमचे दादाही गिरणीतच होते. चाळीतली एक खोली आणि आम्ही सात माणसं. दादा रात्रीतून चार-चार वेळा मोरीत उठायचे आणि सकाळी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागलेली असायची. आई म्हणायची, "अवो, ह्या मुंग्या का लागत्यात? एकदा डाक्टरला दावा की." दादा हसायचे. म्हणायचे, "अगं, तो शेटलोकांचा रोग. आपल्याला चहात टाकायला साखर पुरत नाही, ती लघवीत कुठनं येणार?" शेजारीही हसायचे. पुढे पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि वर्षभरात दादा गेले. आई निरक्षर होती, पण तिने पाहिले ते खरे होते. दादांना सही करता येत होती, पेपर वाचता येत होता, पण त्यांनी ऐकलेले खोटे होते. हे असे का झाले, याचा शोध मी पुस्तकांतून घेत राहिलो.

मुंग्यांची साक्ष

संस्कृतात 'मिह्' म्हणजे लघवी करणे. त्यापासून 'मेह' आणि 'प्रमेह' हे शब्द झाले. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. त्या शेवटच्या चारांत मधुमेह येतो, म्हणजे मधासारखी लघवी. सुश्रुतात त्याच प्रकाराला 'क्षौद्रमेह' म्हटले आहे. क्षौद्र म्हणजेही मधच. आणि या रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकाच्या ग्रंथात लिहून ठेवलेली आहे! ते वाचले तेव्हा वाचनालयात माझ्या डोळ्यांत पाणी आले. आमची आई जे सांगत होती, तेच जुन्या वैद्यांनी लिहिले होते.

हा शब्द पाली भाषेतही आहे. अंगुत्तर निकायातल्या गिरिमानंद सुत्तात शरीराला होणाऱ्या आजारांची मोठी यादी येते, तिच्यात 'मधुमेहो' आहे. थेरवादी देशांत हे सुत्त आजारी माणसाजवळ म्हणतात. त्या यादीत हा आजार श्रीमंताचा, तो गरिबाचा, अशी वाटणी नाही. शरीर आहे तिथे हे आजार होतात, एवढेच सांगितले आहे.

नळी, रहाट आणि तहान

आता 'डायबिटीस' कुठून आला ते पाहू. हा ग्रीक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ आरपार जाणे. वाकडी नळी टाकून आपण पिंपातले रॉकेल काढायचो ना, तशा नळीलाही ग्रीक लोक हाच शब्द वापरीत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला वैद्य अरेटियस हा कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याने लिहिले आहे की या रोगात अंगातले मांस जणू वितळून लघवीवाटे जाते. पाणी प्यायले की नळीतून गेल्यासारखे बाहेर, म्हणून हे नाव.

अरबी वैद्यांनी ग्रीक शब्द घेतला, पण आपलाही एक ठेवला. इब्न सीना याच्या ग्रंथात या आजाराला 'दूलाब' म्हटले आहे. दूलाब म्हणजे पाण्याचा रहाट. एकीकडून भरायचे, दुसरीकडून ओतायचे. चिनी भाषेतले जुने नाव 'श्याओ-ख', म्हणजे झीज आणि तहान. तमिळमध्ये 'नीरिळिवु' म्हणतात, त्यात 'नीर' म्हणजे पाणी.

बघा, प्रत्येकाने डोळ्यांना दिसले ते नाव दिले. कुणाला तहान दिसली, कुणाला झीज, कुणाला मुंग्या. आणि हे सगळे एकाच साखळीचे दुवे आहेत. रक्तात साखर साचते, कारण ती पेशींमध्ये शिरत नाही. जास्तीची साखर मूत्रपिंडे बाहेर टाकतात, ती पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. आणि घरात धान्य असून चूल बंद असावी तसे शरीर उपाशी राहते, म्हणून झीज.

युरोपला गोडीची गोष्ट उशिरा कळली. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरने १६७४ मध्ये लिहिले की ही लघवी मधासारखी गोड लागते. मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये ती आटवून तिच्यात साखर असल्याचे दाखवले. नंतर डायबिटीसला 'मेलिटस' हे शेपूट लागले. लॅटिनमध्ये 'मेल' म्हणजे मध. म्हणजे जे आपल्याकडच्या मुंग्यांना ठाऊक होते, तिथे साहेब फिरून फिरून आला.

आज दवाखान्यात सगळे 'शुगर' म्हणतात. हा शब्द तरी परका आहे का? संस्कृत शर्करा, पाली सक्खरा. तिचा मूळ अर्थ खडे, वाळू. तोच शब्द फारसीत शकर, अरबीत सुक्कर झाला आणि तिथून युरोपात शुगर. जगभर फिरून आपलीच साखर आपल्या केसपेपरवर परत आली.

'श्रीमंतांचा रोग' कुठून आला?

कोणत्याही भाषेतल्या या नावांत मला 'श्रीमंत' हा शब्द सापडला नाही. मग दादांना तो कुणी शिकवला? जुन्या ग्रंथांत या रोगाची कारणे म्हणून बसण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, गूळ अशी नावे येतात. लोकांनी तेवढेच धरून ठेवले. पण सुश्रुत पुढेही सांगतो. एक मधुमेह जन्मजात, दुसरा चुकीच्या आहारविहाराने होणारा. उपचार सांगताना तर तो म्हणतो की ज्याच्याकडे धन नाही, नातेवाईक नाहीत, त्याने अनवाणी, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. ब्राह्मणाने शेतात पडलेले दाणे वेचून जगावे, इतरांनी नांगर धरावा नाहीतर विहीर खणावी. औषध सांगतानाही जात सुटली नाही, हे तर आहेच. पण मला दुसरीच गोष्ट दिसली. हा रोग फक्त श्रीमंतांचा असता, तर निर्धनासाठी उपचार लिहायची गरज काय होती? म्हणजे त्या काळीही गरिबाला मधुमेह होत होता आणि वैद्याला ते माहीत होते.

आणखी एक दाखला देतो. कॅनडातल्या टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला. 'इन्सुला' म्हणजे बेट. स्वादुपिंडात पेशींची बेटे असतात, त्यांत हे तयार होते, म्हणून हे नाव. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचले, ते गरीब घरातल्या, धर्मादाय रुग्ण म्हणून दाखल झालेल्या १४ वर्षांच्या मुलाला. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. आणि आपले बाबासाहेब? परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिलेला हा माणूस अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होता. इन्सुलिन घेत घेत त्यांनी काम केले.

नावाने काय होते?

कुणी म्हणेल, नावात काय आहे? जपानी भाषेत या आजाराला 'साखर-लघवी-रोग' अशा अर्थाचे नाव आहे. लघवी या शब्दाची लाज वाटून रोगी आजार लपवतात, म्हणून २०२३ मध्ये तिथल्या मधुमेहाच्या संस्थांनी 'डायबिटीस' हेच नाव घ्यावे असा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे नुसते 'साखर' म्हटल्याने दुसरा घोटाळा होतो. बिनसाखरेचा चहा पितात आणि ताटात भाताचा डोंगर! भाताचीही पोटात साखरच होते, हे नाव सांगत नाही.

पण सगळ्यांत घातक नाव तेच, 'शेटलोकांचा रोग'. आमच्या दादांना त्या नावाने दवाखान्याची पायरी चढू दिली नाही. आपल्या वस्तीत आजही कुणी ते बोलले तर त्याला तिथेच थांबवा. तहान वाढली, लघवी वाढली, जखम भरेना, तर रक्त तपासून घ्या. काही दिसत नसले तरी चाळिशीनंतर एकदा तपासाच, कारण पुष्कळदा हा आजार वर्षानुवर्षे गुपचूप असतो. आणि घरातली म्हातारी म्हणाली की मोरीत मुंग्या लागत्यात, तर हसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.