बीपी, शुगर आणि आपलं रोजचं ताट: रायगड किनाऱ्यावरच्या घरांसाठी

मुंबईत कुणाला लकवा मारला तर रिक्षा-टॅक्सी करून तासाभरात मोठं इस्पितळ गाठता येतं. श्रीवर्धनहून मुंबई रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुरूड, राजपुरी, दिघी, बोर्ली पंचतन, म्हसळा, कुठूनही निघा, आधी वळणाचा रस्ता आणि मग महामार्गाची गर्दी आहेच. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकव्याची लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. गाडी शोधणं, पैसे जमवणं, परदेशातल्या मुलाला फोन लावणं, यातच पहिला तास जातो. म्हणून आजार येऊच नये यासाठी जे करता येतं, त्याची किंमत आपल्या भागात शहरापेक्षा जास्त आहे.

लकवा, हार्ट अटॅक, किडनी बिघडणं या तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, बीपी आणि शुगर. या दोन्ही वर्षानुवर्षं काहीच दुखवत नाहीत. "मला काही त्रास नाही, मग तपासू कशाला?" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात घरोघरी ऐकू येतं. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि 31.5 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, असा त्यातला अंदाज आहे.

उपाशीपोटी साखर 100 च्या खाली हवी. 100 ते 125 म्हणजे उंबरठा, 126 किंवा जास्त पुन्हा तपासूनही आली तर मधुमेह. बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजून 140/90 किंवा वर येत असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, त्याच वेळी तोंडही तपासतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

"आमच्या घरात कुणी जाडं नाही" यावरही विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांची तुलना 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं होतं, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के निघाली. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा लहान, पण चरबीच्या बाबतीत मागे नाहीत, असंही याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली ठेवण आहे. त्यामुळे वजनकाट्याबरोबर टेपही वापरावी. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर आणि बायकांची 80 च्या वर असेल तर तपासणी लांबवू नये.

मीठ

किनाऱ्यावरच्या घरात मीठ नुसतं बरणीतून येत नाही. ते सुक्या बोंबलातून येतं, खाऱ्या मासळीतून येतं, लोणचं-पापडातून येतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तर दोन वेळचं कालवण सुक्यावरच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय. म्हणजे चहाचा एक चमचा, सगळं मिळून. खारवलेल्या मासळीच्या दोन तुकड्यांत त्यातला बराचसा वाटा संपतो.

सुकं खाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. ते कुणी ऐकणारही नाही, आणि सुकटीत प्रोटीन भरपूर असतं हेही खरं आहे. पण खारवलेली मासळी कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून ते पाणी फेकून द्यावं, शक्य तर दोनदा. मग कालवणात वरून मीठ न घालता आधी चव बघावी. कोकम, चिंच, लिंबू, लसूण, हिरवी मिरची यांनी चव उचलली जाते आणि मीठ कमी पडलंय हे हळूहळू जाणवेनासं होतं. बीपीवाल्याच्या ताटात सुकं, लोणचं आणि पापड तिन्ही एकाच वेळी नकोत. सैंधव किंवा काळं मीठ "बीपीला चालतं" असा समज आहे, तो चुकीचा आहे, त्यातही तेच सोडियम असतं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

भात बंद, भाकरी चालू?

शुगर निघाली की डॉक्टर सांगतात, भात कमी करा, भाकरी खा. हा सल्ला घाटावरच्या माणसासाठी ठीक आहे, कारण त्याची भाकरी ज्वारी-बाजरीची असते. आपली भाकरी तांदळाची! भात सोडून तीन पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या खाल्ल्या तर पोटात तांदूळच गेला. घावन, सांदण यांचंही तेच. आमच्या पाहण्यात अशी कितीतरी माणसं आहेत जी वर्षभर भात सोडून बसली आणि शुगर जागची हलली नाही.

मार्ग आपल्याच जमिनीत आहे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आपल्या आजोबांच्या वेळेपासून होतेच. एक वेळची भाकरी नाचणीची केली तर तंतू आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. पण तीही एक किंवा दीड, नाचणीतसुद्धा पिष्ट असतं. भातकापणीनंतर राहिलेल्या ओलीवर येणारे आपले कडवे वाल म्हणजे स्वस्तातलं उत्तम कडधान्य. पोपटीच्या दिवसांत शेंगा खातो तेवढ्यावर थांबू नये, बिरडं आठवड्यातून दोनदा व्हायला हवं. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग मासळी किंवा डाळ-कडधान्य आणि उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. आधी भाजी आणि मासळी खावी, तांदूळ शेवटी.

मासळीत स्वस्त ती हलकी असं समजू नये. बांगडा आणि तारली यांत हृदयाला चांगली असलेली चरबी पापलेटपेक्षा जास्त असते. फक्त रोज तेलात तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजणं बरं.

गोडाबद्दल थोडक्यात. 300 मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. दावतीत जेवणाबरोबर दोन ग्लास रिचवले तर हिशेब तुम्हीच करा. मुलांच्या हातात रोज बाटली देणं तर बंदच व्हायला हवं.

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण बयानात ऐकतो. दस्तरखानावर मात्र पाहुण्याला "अजून थोडं घ्या" असा आग्रह करण्यातच आपल्याला मेहमाननवाजी वाटते. शुगर असलेल्या पाहुण्याला आग्रह न करणं हीसुद्धा खातिरदारीच आहे.

चालणं आणि पाय

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं असं सांगितलं जातं. मशीद घरापासून पाच मिनिटांवर असेल आणि पाचही वेळा पायी गेलात-आलात तर रोजची पन्नास मिनिटं होतात. पण हल्ली पाच मिनिटांसाठीही मोटारसायकल काढली जाते. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणून मोजू नये असं आमचं मत. मशिदीपर्यंतची पायपीट मात्र जरूर मोजावी. घरातल्या बायकांचं काय? "दिवसभर राबते की" असं म्हणून त्यांचं चालणं कुणी धरतच नाही. मुलगे परदेशात आणि घरी आई एकटी, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. फजरनंतर दोघी-तिघींनी मिळून बंदरापर्यंत किंवा वाडीतून अर्धा तास फिरून यावं.

वुजूची एक गोष्ट शुगरवाल्यांसाठी फार कामाची आहे. शुगर वाढली की पायांची जाणीव कमी होते, काच घुसली तरी कळत नाही. आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो, बोटांत खिलाल करतो. त्याच वेळी तळवा वळवून बघावा की चीर, फोड, लाली काही आहे का. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगावं. मग बोटांमधली जागा फडक्याने कोरडी करावी, कारण पावसाळ्यात तिथेच चिखल्या होतात. वुजूत साबण नसतो, तेव्हा जेवणाआधी आणि संडासनंतर साबणाने हात वेगळे धुवावे लागतातच.

सुपारी

हे लिहिताना थोडं अवघड वाटतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी हा आपला मान आहे, कित्येक घरं वाडीवर चालतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या आपल्या ग्रंथात सुपारीला कर्करोग करणारा पदार्थ म्हटलंय, तंबाखू न घालताही. सुपारी विकणं आणि चघळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच आज म्हणतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मिशरी लावणाऱ्या आजी-मावश्यांना ती तंबाखूच आहे हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, दात घासायला मिसवाक आहे. घरी करण्याजोगी तपासणी: तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर दाखवून घ्या. टाटा मेमोरियलचं केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे.

रमजानच्या आधी

शुगर-बीपीच्या माणसाने रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरला भेटावं, कारण गोळ्या-इन्सुलिनची वेळ आणि मात्रा दोन्ही बदलावी लागतात. परस्पर सकाळची गोळी इफ्तारला घेणं धोक्याचं आहे. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच उलेमा सांगतात. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा लागतो, अस्रनंतर असला तरी. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. नंतर कजा की फिदया, ते आपल्या आलिमांना विचारावं. "लोक काय म्हणतील" म्हणून हातपाय थरथरत असताना मगरिबची वाट बघत बसू नये.

पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो. उंदराच्या लघवीने दूषित पाणी पायाच्या जखमेतून आत जातं. लावणीला किंवा साचलेल्या पाण्यात उतरताना जखम झाकावी, गमबूट असतील तर घालावेत. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं दिसली तर मेडिकलमधून गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं आणि पाण्यात उतरलो होतो हे सांगावं. वाडीतल्या करवंट्या, टायर आठवड्याला उपडे करावेत, डेंग्यूचा डास तिथेच होतो.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे. कलौंजी खायची तर जरूर खावी, पण गोळीच्या जागी नको. शेजारणीची गोळी तर नकोच.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एक फाइल असावी: जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, आधार आणि रेशनकार्डाची प्रत. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही अचानक दिसलं तर पाणी किंवा गोळी तोंडात घालू नये. लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळात बघून लिहावं, 108 ला फोन करावा आणि सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं ते तिथेच विचारावं. डॉक्टर पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारतात.