माहीमचा कॉजवे आणि बारा महिन्यांचे सण

माहीमच्या देवस्थानांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मखदूमबाबांचा दर्गा, सेंट मायकेल चर्च, शीतलादेवीचं देऊळ आणि खाडीपलीकडे वांद्र्याच्या डोंगरावरची मोत मावली, प्रत्येकाची कथा कुठे ना कुठे वाचायला मिळते. पण या सगळ्यांपर्यंत माणसं पोचत कशी होती, हे फारसं कुणी विचारत नाही. मी बेस्टमध्ये बसवाहक होतो, २०१७ साली निवृत्त झालो. जत्रेच्या जादा गाड्यांवर आयुष्यातले बरेच सप्टेंबर आणि डिसेंबर गेले. त्यामुळे माझं ठाम मत असं, की या भागातल्या सणांचा इतिहास आधी वाटेचा इतिहास आहे, मग देवाचा.

वाट म्हणजे माहीमचा कॉजवे. आज गाडी त्याच्यावरून मिनिटभरात जाते आणि सिग्नल लागला तर दहा मिनिटं उभी राहते. पण १८४५ पूर्वी इथे रस्ता नव्हता. मिठी नदी समुद्राला मिळते ती ही खाडी, दोन्ही काठांना चिखल, आणि पलीकडे जायचं तर नाव. पावसाळ्याच्या शेवटी समुद्र अजून शांत झालेला नसतो, आणि मोत मावलीचा सण नेमका ८ सप्टेंबरचा. नावा उलटत, माणसं बुडत. तरी लोक जायचे.

शिवाय ही खाडी नुसतं पाणी नव्हती, कितीतरी वर्षं ती दोन राज्यांची सरहद्द होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी मराठ्यांकडे आली आणि तिच्या दक्षिण टोकाचं वांद्रेही. माहीम मात्र इंग्रजांचं. त्या धामधुमीत डोंगरावरचं मावलीचं चॅपल पाडलं गेलं, आणि मूर्ती खाडी ओलांडून माहीमच्या सेंट मायकेलमध्ये आली. तिथे ती वीसेक वर्षं राहिली. १७६१ साली ती पुन्हा डोंगरावर गेली. मराठी माणसाला १७६१ म्हटलं की पानिपतच आठवतं. मला त्याच सालची ही दुसरी गोष्टही आठवते. वांद्रे तेव्हाही मराठ्यांच्याच ताब्यात होतं, इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ साली. म्हणजे मावली पेशव्यांच्या मुलखात परत गेली, आणि तिथे तिचं चॅपल पुन्हा उभं राहिलं. शाळेत आम्हाला वसईची लढाई शिकवली, तिच्यासोबत ही हकिकतही शिकवायला हवी होती.

पूल बांधायला कंपनी सरकारने पैसे दिले नाहीत. ते दिले लेडी आवाबाई जमशेटजींनी, म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने. रक्कम १ लाख ५७ हजार रुपये, आणि अट एकच, की या रस्त्यावर लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. आवाबाईंनी आजारी मुलासाठी मावलीला नवस केला होता, असं वांद्र्याचे जुने लोक सांगतात. ते खरं की नंतर जोडलेलं, यावर मी वाद घालत नाही. पारशी बाईने पैसे दिले, ख्रिस्ती देवीच्या वाटेचा धोका गेला आणि त्या वाटेवरून सगळ्यात जास्त गेले ते हिंदू, एवढं तर पक्कं आहे. पुढे १९०४ साली डोंगरावर आजचं चर्च उभं राहिलं, त्याचे वास्तुरचनाकार शापूरजी चंदाभॉय हेही पारशीच.

१८६७ साली रेल्वे आली, १९२६ साली मुंबईत पहिली मोटारबस धावली, आणि जत्रेचं माप बदललं. नावेने येणारा आसपासचा असायचा. आगगाडीने विरार-वसईपासूनची माणसं यायला लागली. आमच्या काळात वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला जादा गाड्या लागायच्या, हिल रोडने वर. ८ सप्टेंबरला रविवार असेल तर त्या दिवशी, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालणारी ती जत्रा. पेट्रोमॅक्सचे दिवस मी पाहिले नाहीत, पण चण्याचे ढीग, कडियो-बोडियो या गोड खाऊच्या परड्या आणि मेणाच्या वस्तूंची दुकानं तशीच होती.

या मेणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. मावलीला ज्याचं मागणं त्याच्या आकाराची मेणबत्ती वाहतात. पाय दुखत असेल तर पाय, मूल हवं तर बाळ, घर हवं तर घर. पुढे मेणाची विमानं आली, पासपोर्टही आले. माझी आई माळकरी, आषाढी-कार्तिकी न चुकवणारी. धाकट्या भावाचा पाय उकळत्या पाण्याने भाजला तेव्हा ती मावलीला मेणाचा पाय बोलली, आणि जखम भरल्यावर स्वतः जाऊन वाहून आली. तो पाय मी हातात घेऊन पाहिला होता. वीतभर लांब, आतून पोकळ, पिवळसर पांढरा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे घोट्यावरून बारीक रेघ गेलेली, आणि अंगठ्याला नखसुद्धा कोरलेलं. पुढे नोकरीत असले पाय, हात, डोळे घेऊन बसलेली शेकडो माणसं पाहिली. स्टेशनबाहेरूनच मेण घेऊन चढायची. सप्टेंबरचं ऊन खिडकीतून आलं की मेण मऊ पडतं, बोटांचे ठसे उठतात. "मावशी, पदराखाली धरा, वाकेल तो," असं मी कितीदा म्हटलं असेल. चिंबईच्या कोळणी चढल्या की दारातूनच हाक मारायच्या, "मास्तर, मावलीचा थांबा आला की सांग रे!" त्यांना तो थांबा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असायचा, तरी हाक मारायच्याच.

सेंट मायकेलचा उत्सव वर्षातून एकदाचा नाही, दर आठवड्याचा. १९४८ पासून तिथे बुधवारची नोव्हेना चालते. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना, इंग्रजीत, कोकणीत, मराठीत, हिंदीत. रांगेत कुंकू लावलेल्या बाया, बुरख्यातल्या बाया, गणवेशातली परीक्षेची पोरं. दर बुधवारी माहीमच्या थांब्यावर गाडी रिकामी व्हायची आणि तेवढीच पुन्हा भरायची.

आता सणांच्या तारखांविषयी. आमच्या डेपोत गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरच्या टेबलामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं, आणि हिंदू तिथ्यांबरोबर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी सणही त्याच चौकटीत छापले. त्यामुळे जादा गाड्यांचा अंदाज बांधणं सोपं झालं, असं आमचे जुने स्टार्टर म्हणायचे. कारण माहीमच्या रस्त्यावर चार पद्धतींनी वर्ष मोजलं जातं. ख्रिस्ती सण सूर्याच्या तारखेला धरून, ईस्टर तेवढा चंद्र बघतो. आपले सण चंद्राचे, पण अधिक महिना घालून ऋतूत बसवलेले. मुसलमानी वर्ष निव्वळ चंद्राचं, अकराएक दिवसांनी लहान, म्हणून मोहरम आणि ईद सगळ्या ऋतूंतून फिरतात. आणि पारशी शहेनशाही वर्षात लीप दिवसच नाही, म्हणून त्यांचं नवं वर्ष चार वर्षांत एक दिवस मागे सरकतं. मी कामाला लागलो तेव्हा ते ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात यायचं. आता पंधरा-सोळा ऑगस्टला येतं.

ही चक्रं कधीकधी एका जागी येतात. १९८६ च्या सप्टेंबरात तसं झालं. गणपती, मोहरम आणि मोत मावलीची जत्रा, सगळं एका पंधरवड्यात. एका बाजूला मोहरमच्या सबिली, सरबताची पिंपं रस्त्यालाच मांडलेली, दुसरीकडे विसर्जनाचे ट्रक, आणि मधून आमच्या जत्रेच्या गाड्या. लेडी जमशेटजी रोडची वाहतूक रोज वेगळ्या बाजूला वळवलेली. मंडळाची पोरं आमच्या चालकाला सबिलीवरून सरबत आणून द्यायची. ताण होता, पोलीस होते, दमणूक होती. तरी त्या पंधरवड्यात माझ्या गाडीत कुणी कुणाच्या देवावरून भांडलं नाही.

माहीमच्या दर्ग्याची जत्रा मात्र डिसेंबरात, दहा दिवस. मखदूम अली माहीमी हे पंधराव्या शतकातले मोठे विद्वान, जन्म १३७२ चा आणि निधन १४३१ चं. गुजरातच्या सुलतानांच्या काळात माहीमचे काझी. कुराणावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं, ते आजही अभ्यासतात. अशा विद्वानाच्या जत्रेत पहिला संदल पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते, अधिकारी डोक्यावर संदलाचं ताट घेऊन चालतात, आणि खाकीतली मराठी पोरं बाबांना चादर चढवतात. मग रेतीबंदरावर आकाशपाळणे फिरायला लागतात. हलवा-पराठ्याचा तवा एवढा मोठा असतो की पराठा उलटायला दोन माणसं लागतात. तो तुकडे तोडून वजनावर विकतात, वर नारिंगी रव्याचा हलवा. रात्रपाळी संपवून आम्ही तिथेच जेवायचो.

पण माहीमकराचा डिसेंबर त्याआधीच सुरू झालेला असतो, ६ तारखेला. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ साली दिल्लीत झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे १९७१ साली चैत्यभूमीचा स्तूप झाला. हा सण नाही, पण वर्षाच्या चक्रात त्याच्याएवढा मोठा दिवस या किनाऱ्यावर दुसरा नाही. विदर्भ-मराठवाड्यातून बायाबापड्या दोन दिवस आधीच येतात, पांढरी लुगडी, कडेवर पोरं, शिवाजी पार्कात मुक्काम. मावलीच्या जत्रेतून माणसं मेण आणि चणे घेऊन परततात, इथून पुस्तकं घेऊन परततात. अक्षरओळख नसलेल्या आज्या नातवासाठी संविधानाची प्रत छातीशी धरून गाडीत चढताना मी पाहिल्या आहेत. तिकीट काढायला त्या प्रत खाली ठेवत नसत, दुसऱ्या हाताने कनवटीचे पैसे सोडवत.

आणि १९९२ चा डिसेंबर. ६ तारखेलाच अयोध्येत मशीद पडली, आणि त्यानंतर मुंबईत जे झालं त्यात माहीमही होरपळलं. जानेवारीत पुन्हा तेच. १२ मार्च १९९३ ला शहरात बॉम्बस्फोट झाले, त्या दिवशी कॉजवेलगतच्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब फेकले गेले. शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या माणसांनी एकमेकांची दारं ओळखून ठेवली होती, ती काहींनी वाचवायला वापरली आणि काहींनी जाळायला. हे गाळून या भागाच्या सणांविषयी गोड लिहिणारे मला मान्य नाहीत. दंगलीनंतर लोक पुन्हा जत्रेला आले, बुधवारी पुन्हा रांगा लागल्या. पण ते आपोआप झालं नाही. मोहल्ला समित्यांच्या बैठका झाल्या, बायांनी घरोघर जाऊन बोलणी केली, महिनोन्‌महिने.

२००९ साली सी लिंक सुरू झाला. तो देखणा आहे, पण त्याच्यावर टोल आहे आणि पायी जायला मनाई आहे. त्यामुळे नवसाची माणसं अजून आवाबाईंच्याच रस्त्याने जातात. सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाला अनवाणी निघालेल्या टोळ्या कॉजवेवरूनच येतात. नारळी पौर्णिमेचा नारळ याच खाडीच्या तोंडाशी पडतो, जरी आता मासेमारीची बंदी सरकारी तारखेनेच उठते.

निवृत्तीनंतर २०१९ ला चक्रं पुन्हा जुळली. ८ सप्टेंबर रविवार, जत्रा सुरू. १० ला मोहरमचा दहावा दिवस. १२ ला अनंत चतुर्दशी. मी कॉजवेच्या थांब्यावर जाऊन गाड्या मोजत उभा राहिलो, सवयच ती. तेहतीस वर्षांचा हा फेरा आहे, म्हणजे पुढचा असा आठवडा २०५२ च्या सुमारास यावा. तेव्हा या रस्त्याचं वेळापत्रक जो कुणी करील, त्याने तिथी, चंद्र आणि रविवार तिन्ही आदल्या वर्षीच पाहून ठेवावेत, आणि वांद्रे स्टेशनला गाड्या वाढवून मागाव्यात.