युशिन राजवट
युशिन राजवट : दक्षिण कोरियाचा लष्करशहा पार्क चुंग-ही (१९१७–७९) याने १९७२ च्या संविधानाद्वारे दृढ केलेली एकाधिकारशाही. १९६१ मध्ये लष्करी उठावाने सत्ता मिळवून त्याने पंचवार्षिक योजना व निर्यात-उत्तेजन यांवर भर दिला. सु. १० कोटी डॉलरची निर्यात (१९६४) १,००० कोटींवर गेली (१९७७). स्थैर्यासाठी म्हणून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक रद्द झाली. पुढे संविधानावरील टीकाही गुन्हा ठरली. औद्योगिकीकरणाने वाढलेल्या कामगारवर्गाच्या असंतोषाला सनदशीर वाट उरली नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये पूसान व मासान येथे उठाव झाले. त्याच महिन्यात गुप्तचरप्रमुखाने पार्कची हत्या केली. एका व्यक्तीवर विसंबलेले हे स्थैर्य तिच्याबरोबरच संपले. लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. थेट निवडणूक १९८७ च्या जनआंदोलनानंतरच पुनःस्थापित झाली.