त्राटिकेचं कूळ

वर्तकनगरच्या आमच्या जुन्या इमारतीत दुपारी दारं उघडीच असतात. समोरच्या अक्का मूळच्या हुबळीच्या. ठाण्यात चाळीस वर्षं काढली, भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात, पण सिनेमा लावायचा तो कन्नडच. एका रविवारी मी चिंचेचा गोळा मागायला गेले, तर टीव्हीवर एक श्रीमंताघरची मुलगी समोरच्याची फाडफाड हजेरी घेत होती. अक्का चिंच काढता काढता म्हणाल्या, "नंजुंडी कल्याण. कल्याण म्हणजे लग्न हं, तुमचं स्टेशन नाही." मग त्या मुलीकडे हात करून म्हणाल्या, "अशीला आमच्यात गय्याळी म्हणतात. तुमच्यात काय?"

विचार न करता मी बोलून गेले, "त्राटिका."

घरी आल्यावर चिंच भिजत घातली आणि लक्षात आलं, की या शब्दाचं आणि त्या सिनेमाचं कूळ एका ठिकाणी येऊन मिळतं.

'नंजुंडी कल्याण' १९८९ चा. दिग्दर्शक एम. एस. राजशेखर, जोडी राघवेंद्र राजकुमार आणि मालाश्री. त्याची गोष्ट आली ती पर्वतवाणी या कन्नड नाटककाराच्या 'बहाद्दुर गंड' या नाटकावरून. गंड म्हणजे नवरा, बहाद्दुर आपल्याला सांगायला नकोच. आणि पर्वतवाणींनी ते बेतलं होतं शेक्सपियरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'वर. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लंडनमध्ये लिहिलेलं नाटक. तोंडाळ कॅथरिनाशी कुणी लग्न करायला तयार नाही. पेत्रुचिओ नावाचा गडी हुंड्याच्या लोभाने तिला पत्करतो आणि वठणीवर आणतो.

तेच नाटक मराठीत शंभर वर्षं आधी येऊन गेलं होतं. वासुदेव बाळकृष्ण केळकर, फर्ग्युसन कॉलेजात टिळक-आगरकरांच्या बरोबरीने काम केलेले प्राध्यापक, यांनी १८९१ च्या सुमारास ते मराठीत आणलं. आगरकरांनी त्याआधी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं होतं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव'. केळकरांच्या नाटकाचं नाव होतं 'त्राटिका'. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते उचललं. गणपतराव जोशी त्यातला नवरा, प्रतापराव, व्हायचे, बाळाभाऊ जोग त्राटिका. हॅम्लेट म्हणून महाराष्ट्राला वेड लावणारे हेच ते गणपतराव.

हा शब्द केळकरांनी घडवला नव्हता, तो घराघरांत तयारच होता. इंग्रजी नाटकाच्या नावातही शिवीच आहे, पण ती परक्या कानाला लागत नाही. मराठीत मात्र पडदा उघडायच्या आधीच प्रेक्षकाने नायिकेविषयी निकाल देऊन टाकलेला असायचा.

तिला वठणीवर कसं आणतात, ते जरा जवळून बघावं. लग्नानंतर घरी आणलेल्या उपाशी बायकोपुढे ताट येतं. नवरा म्हणतो मांस करपलंय, आणि ताट भिरकावतो. बिछाना नीट नाही म्हणून तिला झोपू देत नाही. शिंपी सुंदर झगा आणतो, तोही तो नापसंत करून परत पाठवतो. सगळं तिच्या काळजीपोटी चाललंय असं दाखवत. शिकारी ससाण्याला उपाशी आणि जागं ठेवून माणसाळवतात, तसंच मी हिचं करतोय, हे तो प्रेक्षकांना उघड सांगतो. शेवटी भर उन्हात तो सूर्याला चंद्र म्हणतो आणि तीही चंद्रच म्हणते. मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा मला हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

केळकरांचं नाटक आलं त्याच सुमारास पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून रणं माजली होती. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारावर गेलं. त्याआधी काही वर्षं रखमाबाईंनी, लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याच्या घरी नांदायला जाणार नाही, असं मुंबईच्या कोर्टात ठामपणे सांगितलं होतं. बायकोच्या 'नाही'ला किंमत किती, हा त्या काळाचा जळता प्रश्न होता. नाटकाने त्याला रंगमंचावर एक सोपं उत्तर देऊन टाकलं. दोन पिढ्या टाळ्या पडल्या त्या गणपतरावांच्या अभिनयाला, हे मला मान्य आहे. पण त्या उत्तरालाही पडल्या असणारच.

अजून एक गोष्ट मनातून जात नाही. शेक्सपियरच्या रंगमंचावर कॅथरिना कोवळ्या वयाची पोरं करायची. आपल्याकडे बाळाभाऊंसारखे स्त्रीपार्टी नट. म्हणजे नवऱ्याची आज्ञा पाळावी हे सगळ्या बायकांना ऐकवणारं शेवटचं लांबलचक भाषण, लंडनमध्ये काय आणि आपल्याकडे काय, पहिल्यांदा पुरुषाच्याच तोंडून आलं.

आणि मूळची त्राटिका? रामायणातली ताटका मराठी तोंडात त्राटिका झाली. तिला आपण राक्षसीण म्हणून ओळखतो, पण वाल्मीकींनी बालकांडात तिची हकिगत दिली आहे. सुकेतू नावाच्या यक्षाला मूल नव्हतं. त्याने तप केलं, आणि ब्रह्मदेवाने मुलगा न देता हजार हत्तींच्या बळाची मुलगी दिली. सुंदाशी तिचं लग्न झालं, मारीच झाला. पुढे अगस्त्यांच्या शापाने सुंद मेला. नवऱ्यासाठी चवताळून ती मुलासह ऋषींवर धावून गेली, तेव्हा त्यांनी तिलाही शाप दिला आणि तिचं रूप गेलं. रामाचा बाण लागला तो त्यानंतर. स्त्रीवर शस्त्र उचलायला रामाचं मन धजत नव्हतं, विश्वामित्रांना त्याला समजवावं लागलं.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एक लाडाची, बलवान लेक आहे आणि एक विधवा आहे. माझी आजी मला त्राटिका म्हणायची ते मी परकराला गाठ मारून पेरूच्या झाडावर चढायचे म्हणून. तिच्या आवाजात राग थोडा आणि कौतुक जास्त असायचं. तिला ही कथा माहीत होती का, ते विचारायचं राहून गेलं.

पुढच्या रविवारी मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा हे सगळं अक्कांना सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गय्याळीचा आणखी एक सिनेमा आहे आमच्याकडे." 'किरगूरिन गय्याळिगळु', पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेवरून सुमना कित्तूर यांनी २०१६ मध्ये केलेला. भांडणांनी आणि दारूने पोखरलेल्या गावातल्या पुरुषांना तिथल्या तोंडाळ बायकाच ताळ्यावर आणतात. यात ताळ्यावर येतात ते पुरुष.

अक्कांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, रिमोट उचलला आणि म्हणाल्या, "बस. जिथे कळणार नाही तिथे मी सांगेन."